नर्सबाई घर सोडते तेव्हा

पाडवा जवळ आला की गावोगाव पारावर एकच बोलणे चालू असते. कोणाचा सालगडी कोणाकडे जाणार, कोणी किती उचल मागितली, कोणाचे साल किती हजारांना ठरले. साल पाडव्याला धरायचे आणि पाडव्याला सुटायचे, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. मधेच सोडून जायची वेळ आली तर उचलीचा हिशेब कसा करायचा, हेही दोन्ही बाजूंना माहीत असते. दावणीची जनावरे सांभाळणाऱ्या माणसाचे येणे-जाणे आपण इतके नीट ठरवून घेतो. पण अंथरुणाला खिळलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या उशाशी जी नर्सबाई आणून बसवतो, तिचे जाणे केव्हा आणि कसे व्हायचे, हे मात्र आपण ठरवीत नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, मी पंचायत समितीतला कृषी विस्तार अधिकारी. नोकरीची बहुतेक वर्षे बियाणे, खते आणि फवारणी यांवर बोलण्यात गेली. आजचा विषय माझ्या खात्याचा नाही. तो मी घरी शिकलो, आणि माझ्या शिकण्यापायी माझ्या आईचे हाल झाले. तसे ते आणखी कोणाच्या आईचे होऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

एके काळी खेड्यात घरी नर्स ठेवणे ही शहरी लोकांची चैन वाटे. आता तसे राहिलेले नाही. घरात माणसे कमी झाली, मुले नोकरीला बाहेर गेली. रुग्णालयातून रोगी नळ्यांसह घरी पाठवतात. मग ब्युरोला फोन लावून नर्स बोलवावी लागते. बोलावताना आपण दोनच गोष्टी विचारतो : कधी येणार, आणि दिवसाचे किती घेणार?

श्रावणातला सोमवार

२०१९ च्या आषाढात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना. अठरा दिवस रुग्णालयात काढून तिला घरी आणली तेव्हा नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी होती, लघवीची नळी होती आणि मधुमेहासाठी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचे इंजेक्शन होते. डॉक्टरांनी सांगितले, "निदान दोन-तीन महिने शिकलेली नर्स ठेवा."

आमचे गाव बार्शी तालुक्यात. थोरले बंधू आणि वहिनी शेती पाहतात. मी नोकरीमुळे दुसऱ्या तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी यायचो आणि सोमवारी पहाटे परत जायचो. शहरातल्या एका ब्युरोने सिस्टर पाठवली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, जीएनएम झालेली. दिवसरात्र घरीच राहायचे, दिवसाचे नऊशे रुपये, पैसे ब्युरोकडे भरायचे. एवढेच ठरले, आणि तेही फोनवर.

तिचे काम चोख होते. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच करायची आणि नंतरही तासभर तशीच ठेवायची. साखर किती, लघवी किती, इंजेक्शन किती वाजता दिले, हे सारे एका वहीत लिहायची. आईच्या पाठीला एवढासाही ओरखडा नव्हता.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. वहिनी पहाटे धारा काढायला गोठ्यात गेल्या. परत येऊन पाहतात तो सिस्टर नाही, तिची पिशवी नाही. पहिल्या एसटीने ती निघून गेली होती.

बंधू सोयाबीनच्या फवारणीला गेले होते. दहाच्या सुमारास आईने डाव्या हाताने नाकातली नळी ओढून काढली. वहिनी एकट्या. सकाळपासून सासूच्या पोटात काही नाही, या काळजीने त्यांनी तिला बसवले आणि चमच्याने दूध पाजले. दोन चमचे गेले, तिसऱ्याला जोराचा ठसका लागला. दुपारी बंधूंचा मला फोन आला : "इंजेक्शन द्यायचं का नाही?" मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तोंडाने काही देऊ नका. साखर तपासल्याशिवाय, पोटात अन्न नसताना इन्सुलिन देऊ नका. लगेच घेऊन या, नळी घालावी लागेल." दूध मात्र तोवर पाजून झाले होते. संध्याकाळी जीपने नेऊन नळी घालून आणली. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि छातीत घरघर सुरू झाली. दूध श्वासाच्या वाटेने उतरून न्यूमोनिया झाला होता. आईचे आणखी नऊ दिवस रुग्णालयात गेले.

चूक कोणाची?

मी संतापून ब्युरोला फोन केला. "बाई आमच्याही सांगण्यात राहिली नाही. दुसरी मिळाली की पाठवतो," एवढेच उत्तर मिळाले. तक्रार करायची म्हटले तर हातात कागद नव्हता. बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि दुकानदाराची पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असे मी सभासभांतून सांगत आलो. माझ्याच आईच्या नर्सची पावती माझ्याकडे नव्हती.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीचे गाव शोधत गेलो. जाब विचारायलाच गेलो होतो. तिने पाणी दिले आणि खाली मान घालून बसली. मग बोलू लागली.

वीस दिवसांचे पैसे थकले होते. म्हणजे अठरा हजार रुपये. सोयाबीन निघाले की देऊ, असे बंधूंनी ब्युरोला परस्पर कळवले होते, आणि ब्युरोने तिचा पगार अडवला होता. फवारणीची माणसे आली की तिला भाकरी थापायला बसवीत. पाहुणे आले की भांडी तिच्याकडे. घरातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तिचा चहाचा कप वेगळा ठेवला होता, खिडकीत. ती झोपायची त्या खोलीला आतून कडी नव्हती, आणि भावकीतला एक जण दारू पिऊन दोनदा रात्री दाराशी आला होता. तिने ब्युरोला तीनदा कळवले. "जरा सांभाळून घ्या," असे सांगण्यात आले.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारले.

"साहेब, तुम्ही शनिवारी यायचात, आजींचं बी.पी. विचारायचात, साखर विचारायचात. मला कधी काही विचारलं नाहीत."

मी गप्प झालो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण मी असं जायला नको होतं. वहिनींना उठवून नळीचं सांगायला हवं होतं, तुम्हाला फोन करायला हवा होता. निघाले तेव्हा आजी जाग्या होत्या. मी काही न बोलताच निघाले."

परत येताना एसटीत मी विचार करीत होतो. तिला जाण्याचा हक्क होता का? होता. ज्या घरात पगार थकतो, नको ती कामे सांगितली जातात आणि रात्री दाराला कडी नसते, तिथे राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मग ती गेली ते बरोबर झाले का? नाही. सेवा थांबवणे वेगळे आणि रोग्याला वाऱ्यावर सोडणे वेगळे. थांबवण्याची रीत तिला ब्युरोने घालून दिली नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

तिचे थकलेले पैसे मी ब्युरोला कळवून तिच्या हातात दिले आणि पावती घेतली. मग या विषयाची माहिती गोळा करायला लागलो. ती पुढे देत आहे.

सेवा केव्हा थांबवता येते?

माझी एक भाची नर्सिंग शिकून अमेरिकेत काम करते. तिच्याकडून तिथली पद्धत कळली. तिथे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी १९६५ च्या कायद्याने सुरू झालेली मेडिकेअर नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. या योजनेतून घरी सेवा देणाऱ्या संस्थेला रोग्याची सेवा कोणकोणत्या कारणांनी बंद करता येईल, हे जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत मोजून सांगितले आहे. त्यांखेरीज दुसऱ्या कारणाने सेवा बंद करता येत नाही. ती कारणे आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखी आहेत.

एक : रोग्याची गरज नर्सच्या किंवा संस्थेच्या आवाक्याबाहेर गेली, आणि डॉक्टरांच्या मते त्याला दुसरीकडे हलवणे त्याच्या हिताचे आहे. अशा वेळी सुरक्षितपणे दुसरीकडे सोपवण्याची व्यवस्था संस्थेने करायची असते.

दोन : पैसे मिळण्याचे बंद झाले.

तीन : ठरवलेले काम पुरे झाले. रोगी सुधारला, आता नर्सची गरज नाही, असे संस्था आणि डॉक्टर या दोघांचेही मत झाले.

चार : रोग्यानेच सेवा नाकारली, किंवा दुसरीकडे जायचे ठरवले.

पाच : रोग्याचे किंवा घरातल्या कोणाचे वागणे इतके त्रासाचे आहे की काम करणे अशक्य झाले. मात्र येथे अट आहे. आधी तसे स्पष्ट सांगायचे, मार्ग काढण्याचा प्रयत्न करायचा, दुसऱ्या सेवा देणाऱ्यांचे पत्ते द्यायचे, आणि हे सारे लिहून ठेवायचे. त्यानंतरच थांबायचे.

सहा : रोगी वारला. सात : संस्थाच बंद पडली.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मेडिकेअरच्या पैशांतून चालणारी सेवा आता संपणार, ही सूचना निदान दोन दिवस आधी लेखी द्यावी लागते. रोग्याला ते मान्य नसेल तर त्याला बाहेरच्या तपासनीसाकडे दाद मागता येते.

आमच्या घरातला प्रसंग या यादीवर तपासून पाहा. दुसरे आणि पाचवे कारण त्या मुलीजवळ पुरेपूर होते. पण आधी सांगणे, मार्ग काढणे, पत्ता देणे आणि लिहून ठेवणे यांपैकी ब्युरोने काहीच केले नाही. तिच्या तीन तक्रारी आमच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. पोहोचल्या असत्या तर कडी एका दिवसात बसली असती.

थांबवायची ती कशी?

पाण्याची पाळी बदलताना आपण काय करतो? पुढचा माणूस दारे धरायला उभा राहिला की मगच आपण फावडे खांद्याला लावतो. नर्सचेही तसेच आहे.

नर्सने किंवा ब्युरोने आधी सूचना द्यावी. घरी राहणाऱ्या नर्सबाबत सात दिवसांची सूचना दोन्ही बाजूंना परवडते, असा माझा अनुभव आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. नवी नर्स येणार असेल तर दोघींची गाठ रोग्याच्या खाटेपाशी पडावी. येणार नसेल तर घरातल्या एका ठराविक माणसाला बसवून एकेक काम शिकवावे आणि ते त्याच्याकडून करवून घ्यावे. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

वही घरी ठेवून जावे. तिच्यात एवढे असलेच पाहिजे : औषधांची नावे व वेळा, शेवटचे औषध व शेवटचे इन्सुलिन केव्हा आणि किती दिले, साखर व रक्तदाबाचे आकडे, अन्नाची व लघवीची नळी कोणत्या तारखेला घातली आणि कधी बदलायची, अंगावर बेडसोर म्हणतात तशी जखम आहे का व कोठे, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा.

पाळी चालू असताना, खाटेपाशी दुसरे जाणते माणूस नसताना निघून जाणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. रोगी अत्यवस्थ झाला असेल तर १०८ ची गाडी बोलवावी आणि रोगी त्यांच्या स्वाधीन होईपर्यंत थांबावे. याला एकच अपवाद : तिच्या स्वतःच्या जिवाला किंवा अब्रूला धोका असेल, तर तिने आधी सुरक्षित जागी जावे आणि तिथून ११२ ला, ब्युरोला, डॉक्टरांना व घरच्या जबाबदार माणसाला लगेच कळवावे. त्या एका फोनने रोग्याचा जीव वाचतो.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. एकदा रोगी हाती घेतला की त्याची हेळसांड करू नये, आणि रोग्याला व घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय उपचार सोडू नयेत, असे तिच्यात सांगितले आहे. नर्सनेही हीच वाट धरावी.

फौजदारी कायद्यातही एक कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. लहान वय, वेड, आजार किंवा अशक्तपणा यांमुळे जो माणूस असहाय आहे, त्याची सेवा करण्याचा करार ज्याने केला आहे त्याने जाणूनबुजून ती सेवा टाळली, तर तो गुन्हा ठरतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ४९१ होते आणि दंड होता दोनशे रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५७ आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण येथे करार सिद्ध व्हावा लागतो. ठरल्याप्रमाणे सूचना देऊन, रोगी सोपवून जी नर्स जाते, तिच्यावर या कलमाचा बडगा उगारण्यात अर्थ नाही.

ब्युरोने पैसे घेऊन सेवा मधेच तोडली तर ग्राहक म्हणून दाद मागता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात मोडते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवून दिले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. ब्युरोशिवाय, आपणच थेट पगारावर ठेवलेल्या बाईच्या बाबतीत मात्र हा रस्ता नाही. तो वैयक्तिक नोकरीचा करार धरला जातो.

आता कायद्याची दुसरी बाजूही ऐका. उचल दिली आहे म्हणून माणसाला अडकवून ठेवता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. नर्सची पिशवी, प्रमाणपत्रे किंवा मोबाईल ठेवून घेणे, दाराला बाहेरून कडी लावणे, असले उद्योग केले तर गुन्हेगार आपण ठरू. तसेच, २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने घर हीसुद्धा कामाची जागा मानली आहे. घरात काम करणाऱ्या स्त्रीला त्रास झाला तर ती तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. आमच्या भावकीतल्या त्या माणसाला मी हे समजावून सांगितले, आणि पोलीस पाटलांच्या समोर सांगितले.

नर्स येण्याआधी एक कागद

खालील गोष्टी एका साध्या कागदावर लिहाव्यात. दोन प्रती कराव्यात, दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात आणि ब्युरो असेल तर त्यांचा शिक्का घ्यावा.

नर्सचे नाव, शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. नोंदणी नसलेली बाई रोग्याची उठबस करील, अंघोळ घालील. पण इंजेक्शन आणि नळीचे काम तिच्यावर सोपवू नये.

ती कोणती कामे करील आणि कोणती नाही. रोग्याचे अन्न, कपडे, अंथरूण ही तिची कामे. घरची भांडी, धारा आणि गड्यांच्या भाकरी ही नव्हेत.

रोज किती तास काम, झोप केव्हा, आठवड्याची सुट्टी कोणती, आणि त्या दिवशी रोग्याजवळ कोण बसणार.

पैसे किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती. थकले तर किती दिवस थांबायचे आणि मग किती दिवसांची सूचना द्यायची. शेतकऱ्याचा पैसा हंगामाला येतो हे खरे. पण नर्सच्या घरची चूल रोज पेटवावी लागते. जेवढ्या दिवसांचे पैसे हातात आहेत, तेवढ्याच दिवसांची नर्स सांगावी.

राहण्याची खोली, आतून कडी, संडास-न्हाणी आणि जेवण. घरातल्या माणसांना ज्या कपात चहा, त्याच कपात तिला. जिच्या हाताने आईच्या पोटात अन्न जाते, तिचा कप खिडकीत ठेवणे आपल्याला शोभत नाही.

सेवा कोणत्या कारणांनी थांबेल, कोण किती दिवस आधी सांगेल, बदली नर्स कोण पाठवील. सात दिवसांची अट आपल्यावरही तेवढीच असावी. "उद्यापासून येऊ नको" असे आपणही रात्री नऊ वाजता सांगू नये.

तक्रार असेल तर नर्सने घरातल्या कोणाला सांगायची, त्या माणसाचे नाव व फोन. हा माणूस बोलका आणि शांत डोक्याचा असावा. आठवड्यातून एकदा त्याने आपण होऊन विचारावे, "बाई, तुमची काही अडचण?"

मधल्या दिवसांत

इतके करूनही कधी नर्स आजारी पडते, तिच्या घरी काही घडते आणि मधे दोन-चार दिवस रिकामे जातात. त्यासाठी घरातल्या दोन माणसांनी पहिल्या आठवड्यातच मूळ गोष्टी शिकून ठेवाव्यात. एकाने शिकून भागत नाही. तो नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो.

नाकातली नळी निघाली तर ती घरी घालू नये आणि तोंडाने काही पाजू नये, रुग्णालयात न्यावे. दर दोन तासांनी कूस बदलावी. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. लघवी थांबली, ताप आला किंवा धाप लागली तर वाट पाहू नये. इन्सुलिन सुरू असेल तर अन्न चुकल्यावर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. आशाताई आणि उपकेंद्रातल्या परिचारिका यांना घरात असा रोगी आहे हे कळवून ठेवावे. त्या चोवीस तास बसणार नाहीत, पण प्राथमिक आरोग्य केंद्राशी गाठ घालून देतील. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा क्रमांकही आहे.

दुसरी सिस्टर

आई रुग्णालयातून परत आली तेव्हा दुसऱ्या ओळखीने दुसरी सिस्टर मिळाली. चाळिशीची, कमी बोलणारी. या वेळी कागद मी तयार ठेवला होता. तिने तो सावकाश वाचला आणि म्हणाली, "यात एक राहिलंय. माझं काम कधी संपलं असं धरायचं?"

मला उत्तर सुचेना. मग तिनेच लिहिले : तोंडाने जेवण सुरू झाले, लघवीची नळी निघाली, आणि घरातल्या दोघांना इन्सुलिन देता येऊ लागले, की माझे काम संपले.

नवरात्रात डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी केली. आई आधी दाट पेज, मग मऊ भात खाऊ लागली. लघवीची नळीही निघाली. दिवाळीनंतरच्या सोमवारी सिस्टर म्हणाली, "पुढच्या सोमवारी मी जाते. आठवडाभर वहिनी माझ्यासमोर सगळं करतील."

वहिनींचा हात पहिल्या इंजेक्शनला थरथरला. तिसऱ्याला थरथरला नाही. शेवटचे दोन दिवस सिस्टर खुर्चीवर हात बांधून बसली. वहिनींनी आणि पुतण्याने सारे केले, ती फक्त पाहत होती. एकदा पुतण्या साखर तपासायला विसरला, तर तिने नुसते वहीकडे बोट दाखवले. डॉक्टरांना तिने स्वतः फोन केला. वहीच्या शेवटच्या पानावर सारे लिहून तारीख टाकली आणि खाली वहिनींची सही घेतली.

सोमवारी दिवसाउजेडी ती निघाली. बंधूंनी हिशेब चुकता केला. वहिनींनी ओटी भरली. ती आईच्या खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, मी जाते आता. तुमच्या सुनेला सगळं येतंय." आईचे शब्द तोवर अर्धेमुर्धे फुटू लागले होते. तिने डावा हात उचलून सिस्टरच्या डोक्यावर ठेवला. आमच्या घरातून एक नर्स कशी गेली होती ते त्या खोलीतल्या सगळ्यांना आठवत होते. ही कशी जात होती तेही सगळे पाहत होते.

आई त्यानंतर अडीच वर्षे जगली. तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही, आणि इन्सुलिनची एकही वेळ वहिनींनी चुकवली नाही.

आमच्या घरात वापरलेला तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. गावात कोणाच्या घरी नर्स यायची असली की लोक त्याची नक्कल मागून नेतात. तुमच्या घरी अशी वेळ आली तर सालगड्याचे साल ठरवता तसेच खाटेपाशी बसणाऱ्या बाईचेही ठरवा. ती येईल त्याच दिवशी, ती कशी जाईल हेही लिहून घ्या.